एका वाक्यात उत्तर लिहा

कौमुदीबाईंना इंग्रजी येत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर त्याला त्यांनी साधा चहासुद्धा विचारला नसता. पुण्यातल्या मुलींच्या शाळेत अठरा वर्षं त्यांनी इंग्रजी शिकवलं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आता कुठे कुठे डॉक्टर, वकील, बँकेत साहेब झाल्या होत्या, आणि त्यांतली एकही 'डिस्कस अबाउट' असं चुकीचं म्हणत नाही असा बाईंचा दावा होता. दावा कुणी तपासून पाहिला नव्हता. बाईंसमोर तपासाची भाषा करायची कुणाची छाती होती?

१९९४ साली त्यांचे यजमान राजाराम न्यूझीलंडला, पामर्स्टन नॉर्थच्या एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट म्हणून लागले आणि बाई पुण्याची नोकरी सोडून मागोमाग आल्या. जिथे सगळं इंग्रजीतच चालतं तिथे इंग्रजीच्या शिक्षिकेला काय कमी, असं त्यांना वाटलं होतं. गावातल्या चार शाळांनी अगदी गोड हसून सांगितलं की तुमचं शिक्षण उत्तम आहे, पण तुम्हाला इथला अनुभव नाही. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत.

मग जेवणाच्या टेबलावरच शाळा भरली. त्या वर्षांत तैवानहून बरीच कुटुंबं गावात राहायला आली होती. वडील तिकडेच धंदा सांभाळायचे, आई आणि मुलं इकडे. मुलांचं गणित असं की मास्तरांनी तोंडात बोट घालावं, पण इंग्रजीचा उतारा पुढे आला की त्यांची दातखीळ बसायची. पहिला मुलगा शेजारणीच्या ओळखीनं आला, त्याच्या मागून त्याची बहीण, आणि शहाण्णव सालापर्यंत सात जण झाले. शाळा सुटली की डोक्याला हेल्मेट बांधून सायकली हाणत यायचे आणि दाराशी बूट काढून आत शिरायचे. बूट काढायला त्यांना कधी सांगावं लागलं नाही, आणि तेवढ्यावरच बाईंनी पहिल्या दिवशी त्यांना पास करून टाकलं होतं.

बाईंची पद्धत सरळ होती. एक उतारा, खाली पाच प्रश्न. उतारा तीनदा वाचायचा. मग प्रश्नाचं शेपूट धरायचं, त्याचंच वाक्य करायचं आणि उताऱ्यातले नेमके शब्द त्याला जोडायचे. 'का हसली?' असं विचारलं असेल तर 'कारण' म्हणून सुरुवात केलेली चालायची नाही. 'ती हसली, कारण' इथून सुरुवात. "अर्धवट उत्तर म्हणजे अर्धवट डोकं. फुल सेंटेन्स!" बाई म्हणायच्या आणि टेबलावर पेन्सिल आपटायच्या. मुलं आपापसांत चिनी भाषेत बोलतानासुद्धा मध्येच 'फुल सेंटेन्स' म्हणून खिदळायची. आपली नक्कल चाललीय हे बाईंना कळायचं, आणि मनातून आवडायचंही.

या सातांत पेइ-शान त्यांची लाडकी. पंधरा वर्षांची, पाचव्या फॉर्ममध्ये, म्हणजे आपल्या दहावीसारखंच वर्ष, शेवटी देशभराची परीक्षा. बोलायची इतकं कमी की तोंडून शब्द काढायला सांडशी लागावी, पण लिहायची नेटकं. बाई इंग्रजीत विचारायच्या, "समजलं नाही?" ती म्हणायची, "यस, मिस." बाई पुन्हा समजावून सांगायच्या. "वही आणली नाहीस?" "यस, मिस." बाई कोरा कागद पुढे सरकवायच्या. दोन वर्षांत दोघींचा एकदाही गैरसमज झाला नाही.

पेइ-शानच्या आईला इंग्रजीचा गंध नव्हता. दर शुक्रवारी ती मुलीबरोबर कांद्याची पात घातलेल्या पोळ्या डब्यातून पाठवायची. दुसऱ्याचा डबा रिकामा पाठवू नये, म्हणून बाई त्यात शंकरपाळे भरून द्यायच्या. या दोन बायका एकमेकींशी आजवर जे काही बोलल्या होत्या ते एवढंच.

त्या वर्षी ऑगस्टात, तिथल्या ऐन थंडीत, दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. पेइ-शानच्याच शाळेत परदेशी मुलांना इंग्रजी शिकवायला शिक्षिका हवी होती. अर्धा वेळ, पण पक्की नोकरी. बाईंनी अर्ज केला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मुलाखतीचं बोलावणं आलं. पुढच्या आठवड्यात, गुरुवारी अकरा वाजता, उपमुख्याध्यापिका मिसेस मॅकाय यांच्या खोलीत. बाईंनी ते पत्र चुंबकानं फ्रिजवर लावलं, म्हणजे दूध काढायला गेलं तरी दिसावं. त्यांना ती नोकरी हवी होती. अगदी जीव टाकावा इतकी हवी होती. फळा, खडू, समोर तीस तोंडं आणि आपण आत शिरताच बाकं सरकवून उभा राहणारा वर्ग. इथे मुलं उभी राहत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, तरी डोळ्यांपुढे यायची ती उभीच.

दुसरी गोष्ट त्याच आठवड्यात मंगळवारी घडली. पेइ-शान तिचा दिवस नसताना आली, वाऱ्यानं लाल झालेलं नाक पुसत. तिनं दप्तरातून शाळेचं एक पत्र काढून टेबलावर ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसली. बाईंनी ते पत्र उताऱ्यासारखं तीनदा वाचलं.

सराव परीक्षेत पेइ-शानला इंग्रजीच्या उताऱ्यावर वीसपैकी एकोणीस गुण पडले होते. तिची उत्तरं शिक्षकांकडच्या उत्तरांशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळत होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी पेपरची फाइल लायब्ररीत विसरून राहिली होती आणि तेव्हा ही मुलगी तिथेच बसलेली होती. इंग्रजीचे शिक्षक मिस्टर डनलॉप यांनी विचारलं असता तिनं पेपर आधी पाहिल्याचं दोनदा कबूल केलं आणि एकदा नाकारलं. शुक्रवारी दुपारी आईनं शाळेत यावं. आरोप खरा ठरला तर फसवणुकीची नोंद होईल आणि पुढच्या वर्षी तिला इंग्रजीच्या मुख्य वर्गात घेता येणार नाही. खाली सही मिसेस मॅकाय यांची. फ्रिजवरच्या पत्राखाली होती, तीच.

"तू पेपर पाहिला नव्हतास?" बाईंनी विचारलं.

"यस, मिस."

"मला ठाऊकच होतं! मग त्या सरांना तसंच सांगितलंस ना?"

"मी त्यांना यस म्हटलं, मिस."

"शाबास," बाई म्हणाल्या. "मग हा माणूस 'कबूल केलं' असं काय म्हणून लिहितो? बहिरा आहे की काय मेला!"

पेइ-शानलाही ते समजलं नव्हतं. ती खालच्या आवाजात म्हणाली की आई येईल, पण आईला काही बोलता येणार नाही, आणि मी बोलायला गेले की सर रागावतात. तुम्ही याल का, असं तिनं विचारलं नाही. तिचा तो स्वभावच नव्हता. ती फक्त बसून राहिली.

राजाराम घरी आल्यावर त्यांनी दोन्ही पत्रं वाचली, एक टेबलावरचं आणि एक फ्रिजवरचं. "जाऊ नकोस," ते म्हणाले. "गुरुवारी ज्या बाईसमोर नोकरीला बसायचंय, तिच्याशी आदल्या शुक्रवारी भांडायला जातेस? मुलाखत होऊ दे. मग खुशाल जा."

"अहो, पण तोवर त्या पोरीची नोंद होऊन जाईल ना."

"तुझी मुलगी आहे का ती?"

दोन दिवस बाई कणीक तिंबताना, कपडे वाळत घालताना धुमसत राहिल्या आणि शुक्रवारी साडी नेसून, वर कोट चढवून गेल्या. मुलीवरच्या मायेपोटी गेल्या असं म्हणायला बरं वाटेल, आणि माया होतीच. पण खरं सांगायचं तर बाईंना राग आला होता. उत्तरं उत्तरांशी जुळतात म्हणे! बरोबर उत्तर बरोबर उत्तराशी नाही जुळणार तर काय धोब्याच्या यादीशी जुळणार?

मिसेस मॅकाय यांनी 'किया ओरा' असा तिथला माओरी नमस्कार करून सगळ्यांना बसवलं. पन्नाशीच्या, बारीक चष्म्याच्या, शांत बाई होत्या. शेजारी फाइल घेऊन उंचेपुरे मिस्टर डनलॉप. समोर पेइ-शानची आई कोटाची सगळी बटणं लावून ताठ बसलेली, तिच्या बाजूला दप्तर पोटाशी धरून पेइ-शान, आणि या टोकाला कौमुदीबाई. अर्जदार म्हणून मिसेस मॅकायनी त्यांना ओळखलं. "आपली गुरुवारी भेट आहे, नाही का?" असं म्हणून त्या हसल्यासुद्धा.

मग बाईंनी बाजू मांडली, आणि काय मांडली! उतारा होता दीपगृहाच्या बेटावर बोटीतून दोरानं उतरवलेल्या एका गाईचा. प्रश्न होता, दीपगृहवाल्याची बायको का हसली? पेइ-शाननं लिहिलं होतं, 'दीपगृहवाल्याची बायको हसली, कारण दोराला टांगलेली गाय खालच्या माणसांपेक्षा शांत होती.' शिक्षकांच्या कागदावरही हेच. बाईंनी पिशवीतून पेइ-शानच्या दोन वर्षांच्या वह्या काढून टेबलावर रचल्या. ऐंशी उतारे, चारशे प्रश्न, आणि चारशेच्या चारशे उत्तरं त्याच साच्यातली. प्रश्नाचं शेपूट आणि उताऱ्याचे शब्द. मिसेस मॅकाय एकेक पान उलटत गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची घडी सैल होताना बाईंना स्पष्ट दिसली.

"ते ठीक आहे," डनलॉप म्हणाले. "पण तिनं स्वतः कबूल केलंय. दोनदा."

मिसेस मॅकायनी वही मिटली. "कौमुदी, तुम्ही तिला दोन वर्षं ओळखता. तिनं फसवणूक केली असं तुम्हाला वाटत नाही?"

"यस!" बाई ठणकावून म्हणाल्या.

डनलॉपनी पेन उचललं.

"म्हणजे वाटतं?" मिसेस मॅकायनी चष्म्यावरून पाहिलं.

"नो!"

"वाटत नाही?"

"यस!"

आणि बाईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला. दोनदा कबूल केलं आणि एकदा नाकारलं. पत्रातलं ते वाक्य त्यांना तोंडपाठ होतं, कारण ते त्यांनी तीनदा वाचलं होतं. 'नाही पाहिलास?' असं विचारल्यावर आपण मराठीत 'हो' म्हणतो, म्हणजे तुमचं बरोबर, नाही पाहिला. पेइ-शानच्या भाषेतही तसंच असणार. इंग्रजीत मात्र 'यस' म्हटलं की पाहिला. हा नियम बाईंना माहीत नव्हता असं नाही. व्याकरणाच्या पुस्तकात एका कोपऱ्यात तो होता, त्यांनी तो अठरा वर्षं फळ्यावर लिहूनही दिला होता, आणि खडू खाली ठेवून मागे वळल्या की वर्गाला विचारायच्या, "समजलं नाही?" आणि वर्ग म्हणायचा, "यस, टीचर." आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

सुटका सोपी होती. 'माफ करा, बोलण्याच्या भरात जीभ घसरली, मला नो म्हणायचं होतं.' एवढं म्हटलं की विषय संपला, गुरुवार शाबूत. पण मग पेइ-शानचे दोन यस आणि एक नो फाइलीत होते तसेच राहणार. आणि खरं सांगावं, तर ज्या शिक्षिकेला 'यस' आणि 'नो' कळत नाही तिला नोकरी कोण देणार? बाईंनी स्वतः दिली नसती.

त्यांनी पेइ-शानकडे पाहिलं. मुलीचे ओठ कोरडे पडले होते. घाबरली की तिच्या घशाखाली घास उतरत नाही, हे बाईंना ठाऊक होतं.

"पेइ-शान, आज तू डबा खाल्ला नाहीस?"

"यस, मिस."

बाई डनलॉपकडे वळल्या. "काय समजलात तुम्ही?"

"खाल्ला म्हणाली."

"पेइ-शान, डबा काढ."

डबा टेबलावर आला. बाईंनीच झाकण काढलं. भात, त्यावर कापून मांडलेलं अंडं, हिरव्या शेंगा. चमच्याचा ओरखडासुद्धा नव्हता.

"ती खोटं बोललेली नाही," बाई म्हणाल्या. "हे माझं इंग्रजी आहे. दोन वर्षं मी तिला असंच विचारलं आणि तिचं असंच उत्तर चालवून घेतलं. मी स्वतः असंच बोलते, आत्ता तुमच्यासमोर बोलले. मी घसरले नाही, मी अशीच बोलते. चूक तिची नाही, माझी आहे."

त्यातलं अक्षरही न कळलेल्या आईनं भरलेला डबा पाहिला आणि ती मुलीला चिनी भाषेत खडसावू लागली. ते मात्र खोलीतल्या सगळ्यांना समजलं. डनलॉपसुद्धा हसले.

"विचारायचं तर सरळ विचारा," बाई म्हणाल्या. "आणि पेइ-शान, तू एका वाक्यात उत्तर दे."

मिसेस मॅकायनी विचारलं, "हा पेपर तू परीक्षेआधी पाहिला होतास का?"

"मी हा पेपर परीक्षेआधी पाहिला नव्हता," पेइ-शान म्हणाली. एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून शाळेत पहिल्यांदाच निघालं असावं. डनलॉपचे कान लाल झाले. त्यांनी पेन खिशाला लावलं, फाइलीतला कबुलीच्या नोंदीचा कागद काढून मधोमध फाडला आणि मुलीची माफी मागितली. माणूस वाईट नव्हता.

दाराशी मिसेस मॅकायनी बाईंचा हात हातात घेतला. "तुम्ही फार प्रामाणिक आहात," त्या म्हणाल्या. बाई आयुष्यभर शाळेत वावरलेल्या. उमेदवाराला 'प्रामाणिक' म्हणतात तेव्हा त्यापुढे काय येत नाही, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

घरी त्यांनी सगळं सांगितल्यावर राजारामांनी आधी चहा टाकला. मग म्हणाले, "आम्हाला हॉस्पिटलात पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. 'तुम्हाला अमुक औषध सोसत नाही असं काही नाही ना?' असं पेशंटला विचारायचंच नाही. तो यस म्हणाला काय आणि नो म्हणाला काय, कुणालाच काही कळत नाही. 'सोसतं का?' एवढंच विचारायचं."

बाईंनी कप खाली ठेवला. "आणि हे तुम्ही मला दोन वर्षं सांगितलं नाहीत?"

"तुला? इंग्रजी? मी सांगणार?" राजाराम म्हणाले. "मला या घरात राहायचंय."

बाई हसल्या, आणि हसता हसता रडल्या. राजारामांनी दुसरा चहा टाकला.

गुरुवारी मुलाखत झाली. ठरलेली होती म्हणून झाली. सगळे फार आदरानं वागले, बिस्किटं पुढे केली. पुढच्या आठवड्यात पत्र आलं की दुसऱ्या उमेदवाराचा अनुभव शाळेच्या गरजेला अधिक जुळणारा आहे. बाईंनी फ्रिजवरचं पत्र काढलं, दोन्ही पत्रं एकावर एक ठेवून फाडली आणि चुंबक तसंच राहू दिलं.

शुक्रवारी पेइ-शान आली. बूट दाराशी काढले, पोळ्यांचा डबा टेबलावर ठेवला, वही उघडली. शाळेत सोमवारी नवीन शिक्षिका येणार असल्याची सूचना तिनं वाचलेली होती. तिनं पेन्सिल हातात घेतली आणि बाईंकडे पाहिलं.

"मिस," ती म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटलं नाही?"

बाईंच्या जिभेवर 'यस' आला. मग वाटलं, छे, इथे 'नो' हवा. दोन्ही सोयीचे होते. कुठलाही म्हटला असता तरी त्याच्या आड लपता आलं असतं, आणि समोरच्या पोरीला काय ते कधीच कळलं नसतं. बाईंनी उताऱ्याचा कागद उगाच सरळ केला.

पेइ-शाननं टेबलावर पेन्सिल आपटली. हळूच, पण आपटली.

"फुल सेंटेन्स, मिस."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"मला खूप वाईट वाटलं," त्या म्हणाल्या.

पेइ-शाननं मान हलवली. मग तिनं डबा उघडून दोघींच्या मध्ये ठेवला, आणि उतारा पहिल्यांदा वाचायला घेतला.